अर्ज सोपा, प्रोफाइल अवघड : महाडीबीटी शिष्यवृत्ती पोर्टलचे परीक्षण, नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी

दहावीनंतरच्या शिक्षणासाठी राज्य सरकारची शिष्यवृत्ती किंवा फीसवलत हवी असेल, तर बहुतेक योजनांसाठी जायचे ठिकाण एकच आहे, महाडीबीटी पोर्टल. समाजकल्याण, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण, तंत्रशिक्षण, उच्च शिक्षण, वैद्यकीय शिक्षण, अल्पसंख्याक, दिव्यांग अशा सगळ्या खात्यांच्या योजना इथे एकत्र आहेत. पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात आणि अर्ज कुठल्या टेबलावर पडला आहे हे घरबसल्या दिसते. छापील अर्ज घेऊन खिडक्या फिरण्याच्या काळाशी तुलना केली तर ही मोठी सुधारणा आहे. पोर्टलच्या उणिवा सांगण्याआधी एवढे मान्य करायलाच हवे.

सगळ्यात मोठी उणीव अशी की लॉगिन केल्यावर जी योजनांची यादी समोर येते ती तुमच्या प्रोफाइलवरून तयार होते. जातीचा प्रवर्ग, उत्पन्न, अभ्यासक्रम, प्रवेश कॅपमधून (शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) की संस्थास्तरावर, वसतिगृहात राहता की घरून येता, यातला एक रकाना चुकला की तुमच्या हक्काची योजना यादीत येतच नाही. आणि ती का आली नाही, हे पोर्टल सांगत नाही. विद्यार्थ्याला वाटते, आपल्यासाठी काही नाहीच. नामंजूर झालेल्या अर्जाची निदान नोंद राहते, कारण कळते. यादी रिकामी बघून परत गेलेल्या मुलाची नोंद कुठेच होत नाही. म्हणून सांगावेसे वाटते की खरा अर्ज म्हणजे प्रोफाइल. ‘अप्लाय’चे बटण दाबणे हे त्यानंतरचे किरकोळ काम आहे.

योजना आधी वाचा, लॉगिन मग

पोर्टलचा सगळ्यात चांगला भाग लॉगिनच्या बाहेर आहे आणि तो फार कमी मुले उघडतात. मुखपृष्ठावरून खात्यांनुसार योजना पाहता येतात. प्रत्येक योजनेच्या पानावर लाभ, पात्रता, नूतनीकरणाच्या अटी आणि कागदपत्रांची यादी दिलेली आहे. आपल्याला लागू पडणारी योजना इथे शोधून तिचे नाव लिहून ठेवा. लॉगिननंतर तीच योजना यादीत दिसली नाही तर प्रोफाइलमध्ये काहीतरी चुकले आहे, हे लगेच कळते.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही मुख्य योजना. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २.५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि वर निर्वाह भत्ता मिळतो. उत्पन्न त्यापेक्षा जास्त असेल तर वेगळी योजना आहे, तिला सगळे ‘फ्रीशिप’ म्हणतात. तिच्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळते, निर्वाह भत्ता मिळत नाही. वडिलांचे उत्पन्न २.५ लाखांच्या वर गेले म्हणून ‘आता आपल्याला काही मिळत नाही’ असे समजून अर्जच न करणारी घरे आजही आहेत. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठीही अशीच दोन योजनांची जोडी आहे, फक्त ती आदिवासी विकास विभागाखाली शोधावी लागते.

निर्वाह भत्ता अभ्यासक्रमाच्या गटावर आणि राहण्याच्या ठिकाणावर ठरतो. अनुसूचित जातीच्या योजनेत गट १ म्हणजे पदवी व पदव्युत्तर व्यावसायिक अभ्यासक्रम : वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये, घरून येणाऱ्याला ७,०००. गट २, इतर व्यावसायिक अभ्यासक्रम : ९,५०० आणि ६,५००. गट ३, साधी पदवी व पदव्युत्तर : ६,००० आणि ३,०००. गट ४ मध्ये अकरावी-बारावी, आयटीआय, दहावीनंतरचा पॉलिटेक्निक डिप्लोमा येतो : ४,००० आणि २,५००. गडचिरोली किंवा गोंदियाहून येऊन नागपुरात इंजिनीअरिंग शिकणाऱ्या मुलाने वसतिगृहाचा टॅब न भरता सोडला, तर पोर्टल त्याला घरून येणारा धरते आणि वर्षाला ६,५०० रुपये कमी होतात. चार वर्षांचे गणित तुम्हीच करा.

खुल्या प्रवर्गातील आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. महाविद्यालयात हिला अजून ‘ईबीसी’च म्हणतात. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिक्षण शुल्काच्या आणि परीक्षा शुल्काच्या ५० टक्के लाभ मिळतो. अटी नीट वाचा : प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून म्हणजे कॅपमधून झालेला हवा, एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ, शिक्षण चालू असताना दोन किंवा अधिक वर्षांचा खंड नको. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की ही सवलत गेली, गुण कितीही असले तरी. प्रवेश घेतानाच महाविद्यालयाने पूर्ण शिक्षण शुल्क न मागता अर्धे घ्यावे, असे शासनाचे धोरण आहे. विकास शुल्क मात्र या योजनेत येत नाही, ते स्वतः भरावे लागते. म्हणून प्रवेशाच्या दिवशी फीची पावती घेताना शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगवेगळे लिहून घ्या. एकत्र आकडा असलेली पावती पुढे हिशोबाला उपयोगी पडत नाही.

मुलींसाठी मोठा बदल जुलै २०२४ मध्ये झाला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि इतर मागासवर्ग या प्रवर्गांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा लाभ ५० ऐवजी १०० टक्के झाला, शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून. इथेही प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून हवा. खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे या निर्णयातून वगळलेली आहेत. नागपुरात याकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण गेल्या काही वर्षांत इथल्या काही नावाजलेल्या खाजगी महाविद्यालयांचे विद्यापीठात रूपांतर झाले आहे. इमारत तीच, फाटकावरचे नाव जवळपास तेच, पण फीमाफीचा नियम बदललेला. पर्याय भरताना संस्थेचा आजचा दर्जा काय आहे हे कॅपच्या माहितीपुस्तिकेत पाहा. शेजारच्या ताईला दोन वर्षांपूर्वी लाभ मिळाला होता, एवढ्यावर विसंबू नका.

वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांची आणि नोंदणीकृत मजुरांची मुले तिच्यात येतात. शाहू महाराज योजनेसोबत हिचाही लाभ घेता येतो, मात्र दोन्हीसाठी वेगवेगळे अर्ज करावे लागतात. विदर्भातल्या शेतकरी घरांतून नागपुरात शिकायला येणाऱ्या मुलांसाठी ही फार महत्त्वाची योजना आहे, आणि तरीही एक अर्ज केला की काम झाले असे समजून मुले दुसऱ्या अर्जापर्यंत पोहोचतच नाहीत. अल्पभूधारक दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. सातबारा आजोबांच्या नावावर असेल तर दाखला वडिलांच्या नावाने काढताना अडते, म्हणून हे काम गावी असतानाच, उन्हाळ्याच्या सुटीत करून घ्या.

कागद : कोणता, कुठून, केव्हा

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो. ग्रामपंचायतीचा दाखला, नगरसेवकाचे पत्र किंवा नुसता फॉर्म १६ त्याच्या जागी चालत नाही. दाखला आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून काढता येतो. लोकसेवा हक्क कायद्यानुसार त्याला १५ दिवसांची मुदत आहे. जून-जुलैमध्ये सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात जी गर्दी होते, ती सगळ्या नागपूरला माहीत आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणजे मागच्या वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला एप्रिलपासून काढता येतो. ऊन असले तरी एप्रिल-मेमध्येच काढा. दाखल्यावर आर्थिक वर्ष, रक्कम अंकी आणि अक्षरी, आणि विद्यार्थ्याच्या वडिलांचे किंवा आईचे नाव जागेवरच तपासा. अंकांत २,४०,००० आणि अक्षरांत भलतेच, असे दाखले परत येतात आणि दुरुस्तीला पुन्हा तेवढाच वेळ जातो.

नॉन क्रिमिलेअर प्रमाणपत्र (मागास प्रवर्गातल्या प्रगत गटात मोडत नसल्याचे) आणि उत्पन्नाचा दाखला हे दोन वेगळे कागद आहेत, एकाच्या रकान्यात दुसरा जोडता येत नाही. नॉन क्रिमिलेअरवर वैधतेची तारीख असते आणि ती ३१ मार्चला संपते. मागच्या वर्षी वापरले म्हणून यंदा चालेलच असे नाही, आधी तारीख बघा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव प्रवर्गातून प्रवेश घेतला असेल तर जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी, हवीच. तिचे काम अकरावीत सुरू करावे, बारावीच्या निकालानंतर नाही. नागपूर जिल्ह्याची जात पडताळणी समिती सामाजिक न्याय भवनात आहे. अनुसूचित जमातींची समिती वेगळी आहे, ती गिरीपेठेत.

शिक्षणात एखाद्या वर्षाचा खंड असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र लागते. अशा शैक्षणिक कामाच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे. तरी कोर्ट परिसरात ‘स्टॅम्पपेपर लागतोच’ असे सांगितले जाते. साध्या कागदावर, सक्षम अधिकाऱ्यासमोर केलेले चालते. रेशनकार्ड शाहू महाराज योजनेत कुटुंबातली अपत्ये मोजण्यासाठी वापरतात, म्हणून त्यावर विद्यार्थ्याचे नाव आहे का ते आधी पाहा.

फाइलचा आकार १५ केबी ते २५६ केबी, प्रकार जेपीजी किंवा पीडीएफ. हा नियम छोटा वाटतो आणि सगळ्यात जास्त वेळ खातो. मोबाइलने काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा असतो. तो जबरदस्तीने दाबला की दाखल्यावरचा बारकोड आणि क्रमांक पुसट होतो, पुढच्या टेबलावर वाचता येत नाही आणि अर्ज परत येतो. स्कॅनर अ‍ॅपमधून कृष्णधवल पीडीएफ करा, दोन बाजू असलेला कागद एकाच फाइलमध्ये घ्या, आणि चढवण्याआधी मोठा करून स्वतः वाचून पाहा. तुम्हाला क्रमांक वाचता आला तरच तपासणाऱ्याला येईल.

बँक खाते : पैसे इथेच अडकतात

मंजूर झालेली रक्कम खात्यात न येण्याचे मुख्य कारण आधार सीडिंग. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खाते आधारशी जोडले गेले, एवढेच झाले. सरकारी पैसे त्या खात्यात यायचे असतील तर एनपीसीआयच्या (देशातल्या बँकांमधले पैशांचे व्यवहार जोडणारी संस्था) यादीत तुमच्या आधारपुढे त्या बँकेचे नाव यावे लागते. एका आधारपुढे एकच बँक राहते, जी शेवटी जोडली ती. महाविद्यालयाने लावलेल्या शिबिरात किंवा पोस्ट पेमेंट्स बँकेत नवे खाते उघडताना संमतीच्या चौकटीवर खूण केली की सीडिंग तिकडे सरकते. मग शिष्यवृत्ती त्या विसरलेल्या खात्यात जाऊन पडते आणि विद्यार्थी जुन्या पासबुकात नोंद शोधत राहतो.

तपासणे सोपे आहे. माय आधार संकेतस्थळावर लॉगिन करून बँक सीडिंगची स्थिती उघडा. तिथे बँकेचे नाव आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ असे दिसायला हवे. ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ असेल किंवा नाव भलतेच असेल, तर हव्या त्या बँकेच्या शाखेत जाऊन डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या. काही दिवसांनी पुन्हा बघा. हे अर्ज भरण्याआधी करायचे काम आहे, पैसे मंजूर झाल्यावरचे नाही.

आणखी एक बाब, जी बँकेतही कुणी आपणहून सांगत नाही. पूर्ण केवायसी न करता उघडलेल्या ‘स्मॉल अकाउंट’मध्ये एका वेळी ५०,००० रुपयांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षभरात एकूण जमा १ लाखापर्यंतच चालते. इंजिनीअरिंग किंवा फार्मसीच्या फीची मोठी रक्कम अशा खात्यात अडकू शकते. शाळेत असताना उघडलेले खाते असेल तर आधार-पॅन देऊन त्याचे पूर्ण खाते करून घ्या. वर्षानुवर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय होते, ते शाखेत केवायसी देऊन चालू करून घ्या.

प्रोफाइल भरताना

नोंदणी आधारवरून होते. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, म्हणून तो नंबर आज तुमच्या हातात आहे का, ही पहिली चौकशी. नसेल तर आधार केंद्रावर आधी नंबर बदला. नाव, जन्मतारीख आधारमधून आपोआप येते आणि पोर्टलवर बदलता येत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी असणे ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट आहे, त्याने सहसा बिघडत नाही. बिघडते ते स्पेलिंगने : वडिलांच्या नावात एका कागदावर ‘राव’ आहे, दुसऱ्यावर नाही. लग्नानंतर मुलीचे आधार सासरच्या नावाने आणि गुणपत्रिका माहेरच्या, असे असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवावा लागतो. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच दुरुस्त करता येते. म्हणून गुणपत्रिका समोर ठेवूनच दुरुस्ती करा.

जुने युजरनेम आठवत नाही म्हणून नवी नोंदणी करू नका. एका आधारवर दोन खाती झाली की मागच्या वर्षाचा अर्ज एका खात्यात राहतो आणि नूतनीकरण दुसऱ्यातून होत नाही. लॉगिनच्या पानावर युजरनेम परत मिळवण्याची सोय आहे. सायबर कॅफेत नोंदणी केली असेल तर मोबाइल नंबर आणि पासवर्ड आपलाच दिला आहे ना, हे तिथेच उभे राहून पाहा. सीताबर्डीत किंवा मेडिकल चौकात अर्ज भरून देणाऱ्यांची दुकाने आहेत. त्यांचे काम वाईट नसते, पण गर्दीच्या दिवशी दुकानदार स्वतःचाच नंबर टाकून पुढे जातो. नंतरचे सगळे संदेश त्याच्याकडे जातात, आणि अर्ज परत आल्याचे विद्यार्थ्याला मुदत संपल्यावर कळते.

प्रोफाइलमध्ये सहा टॅब आहेत : वैयक्तिक माहिती, पत्ता, इतर माहिती, चालू अभ्यासक्रम, आधीचे शिक्षण, वसतिगृह. पत्ता आणि आधीचे शिक्षण यांत फारसे काही चुकत नाही, गुणपत्रिका बघून भरा म्हणजे झाले.

चालू अभ्यासक्रमाचा टॅब मात्र सावकाश, शांतपणे भरायचा. महाविद्यालयाचे नाव यादीत कधी दोनदा दिसते, एकदा पदवीसाठी आणि एकदा कनिष्ठ महाविद्यालय किंवा पॉलिटेक्निक म्हणून. आपले कोणते हे प्रवेशपत्रावरच्या संस्था क्रमांकावरून ठरवा. शाखा, वर्ष, अनुदानित की विनाअनुदानित, प्रवेशाची तारीख, कॅपचा अर्ज क्रमांक हे सगळे प्रवेशपत्रावर असते. स्पॉट राउंड किंवा संस्थास्तरावर प्रवेश झाला असेल तर ते खरे लिहा. तिथे चुकून ‘कॅप’ लिहिले तर योजना यादीत दिसते, पण पुढच्या टेबलावर वाटपपत्र मागितल्यावर अर्ज पडतो. आणि कॅपचा प्रवेश असून चुकून उलटे लिहिले, तर योजना दिसतच नाही.

तुमचा अभ्यासक्रमच यादीत नसेल तर ती चूक तुमची नाही. महाविद्यालयाने आपल्या लॉगिनमधून तो अभ्यासक्रम आणि मान्य फी भरून खात्याकडून मंजूर करून घ्यायची असते. त्याशिवाय तो विद्यार्थ्याला दिसत नाही. अशा वेळी जवळपासचा दुसरा अभ्यासक्रम निवडून अर्ज पुढे ढकलू नका. महाविद्यालयाच्या स्कॉलरशिप विभागाला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरण. मागच्या वर्षाच्या नोंदीपुढे ‘पूर्ण’ असे लिहून निकाल आणि टक्केवारी भरायची, आणि चालू वर्षासाठी नवी नोंद जोडायची. जुन्या नोंदीतच वर्ष बदलून टाकले की पोर्टलला तुम्ही पुढच्या वर्गात गेलात हे कळत नाही आणि नूतनीकरणाचा अर्ज उघडत नाही.

अर्ज गेल्यानंतर

अर्ज सादर झाला की अर्ज क्रमांक मिळतो. पीडीएफ जतन करा आणि छापील प्रत कागदपत्रांसह महाविद्यालयात द्या. बहुतेक महाविद्यालये हार्ड कॉपी मिळेपर्यंत अर्ज पुढे पाठवत नाहीत. पुढचा प्रवास असा : महाविद्यालयाचा लिपिक, मग प्राचार्य, मग खात्याचे जिल्हा किंवा विभागीय कार्यालय, शेवटी मंजुरी. कुठल्याही टेबलावरून अर्ज ‘सेंड बॅक’ होऊ शकतो, कारणासह. कारण वाचून नेमकी तीच दुरुस्ती करा आणि पुन्हा सादर करा. एक कागद बदलायचा असताना सगळे नव्याने चढवले की नव्या चुका शिरतात.

इथे पोर्टलचा दुसरा दोष. अर्ज परत आल्याचा संदेश एकदाच येतो आणि तो चुकला की दुसरी आठवण नाही. मुदत चालू असेपर्यंत दर आठवड्याला लॉगिन करून अर्जाची स्थिती बघणे, याला पर्याय नाही. अर्जाची शेवटची तारीख बहुतेक वर्षी वाढवली जाते. त्या भरवशावर थांबणाऱ्यांचे अर्ज शेवटच्या दिवसांच्या गर्दीत सर्व्हरवर आणि महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, दोन्हीकडे अडकतात. पोर्टल पहाटे आणि सकाळी लवकर चांगले चालते.

मंजुरीनंतर व्हाउचर तयार होते आणि ते विद्यार्थ्याने लॉगिन करून ‘रिडीम’ करायचे असते. मंजूर झाले म्हणून निश्चिंत बसलेल्यांचे पैसे या एका बटणासाठी पडून राहतात. रक्कम अनेकदा दोन हप्त्यांत येते, तेव्हा दुसऱ्या हप्त्यासाठीही लक्ष ठेवा. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा हिस्सा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. केंद्राचा हिस्सा सरळ विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फीची रक्कम सात दिवसांत महाविद्यालयात भरायची असते. ही रक्कम घरखर्चात गेली की वर्षअखेरीस महाविद्यालय निकाल किंवा टी.सी. अडवते, आणि त्या वेळी एकदम तेवढे पैसे उभे करणे मजुरी करणाऱ्या घराला फार जड जाते. खात्यात पैसे आल्याबरोबर त्यातला फीचा भाग किती आणि निर्वाह भत्ता किती, हे महाविद्यालयाकडून लिहून घ्या.

पोर्टलबाहेरचे, पण सोडू नये असे

डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज या शिष्यवृत्ती यादीत शोधू नका, तो समाजकल्याण विभागाच्या वसतिगृह प्रवेशाच्या प्रक्रियेतून होतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती आहे. नागपूर शहरासाठी दर वर्षाला ६०,००० रुपये : भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. विद्यार्थी नागपूरचा रहिवासी नसावा आणि उत्पन्न २.५ लाखांपर्यंत असावे. भाडेकरार लागतो, म्हणून खोली घेतानाच घरमालकाशी बोलून ठेवा. करार द्यायला तयार नसलेल्या मालकाची स्वस्त खोली शेवटी महाग पडते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे.

केंद्राच्या योजना नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर आहेत. बारावीत मंडळाच्या वरच्या २० टक्क्यांत असलेल्या आणि ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना पदवीसाठी वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तरसाठी २०,००० रुपये मिळतात, पण दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीसवलत घेत असाल तर ही मिळत नाही. फीसवलत मोठी असेल तर तीच धरा. पदवी किंवा डिप्लोमाच्या तंत्रशिक्षणात पहिल्या वर्षाला, किंवा थेट दुसऱ्या वर्षाला, प्रवेश घेतलेल्या मुलींसाठी एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींना. पहिले वर्ष सुटले की नंतर तिचा नवा अर्ज करता येत नाही.

अडले तर कोणाकडे

अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये पडून असेल तर आधी प्राचार्यांच्या नावाने लेखी अर्ज. तिथून पुढे गेला असेल तर योजना ज्या खात्याची, ते कार्यालय. अनुसूचित जातीच्या योजनांसाठी सहायक आयुक्त, समाजकल्याण, डॉ. बाबासाहेब आंबेडकर सामाजिक न्याय भवन, दीक्षाभूमीजवळ. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास भवन, गिरीपेठ. इंजिनीअरिंग, पॉलिटेक्निक, फार्मसीच्या शाहू महाराज योजनेसाठी तंत्रशिक्षण सहसंचालकांचे विभागीय कार्यालय, सदरमधल्या शासकीय तंत्रनिकेतनाच्या आवारात. कला, वाणिज्य, विज्ञानासाठी उच्च शिक्षण सहसंचालक, सीताबर्डीची जुनी मॉरिस कॉलेज इमारत. चुकीच्या कार्यालयात गेलात तर नुसता पत्ता मिळतो आणि दिवस जातो, म्हणून अर्जावर विभागाचे नाव काय आहे ते निघण्याआधी वाचा.

सोबत अर्ज क्रमांकाची छापील प्रत, स्थिती दाखवणाऱ्या पानाची प्रत, उत्पन्नाचा दाखला, पासबुकाचे पहिले पान आणि सीडिंगच्या स्थितीची प्रत न्या. तक्रार लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. त्याच दिवशी पोर्टलवरच्या तक्रार विभागातही तीच तक्रार अर्ज क्रमांकासह नोंदवा आणि मिळालेला तक्रार क्रमांक त्या प्रतीवरच लिहून ठेवा.